अर्धी दाबलेली कळ

ट्रम्पेट हे मुळात दूरवर ऐकू जाण्यासाठीचं वाद्य. फौजेत ते इशारा द्यायला वाजलं, आणि जॅझमध्येही लुई आर्मस्ट्राँगपासून वादकाची उंची बरीचशी त्याच्या तारसप्तकावरून मोजली गेली. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये 1982 साली जन्मलेल्या ट्रम्पेटवादक ॲम्ब्रोस अकिनमुसिरीने हे माप बाजूला ठेवलं, म्हणून त्याची वाटचाल मला मोलाची वाटते. ताकद नव्हती म्हणून त्याने मवाळ वाट धरली, असं म्हणायची सोय नाही. बर्कली हायस्कूलमध्ये असतानाच स्टीव्ह कोलमन या सॅक्सोफोनवादकाने त्याला हेरलं आणि पुढे युरोपच्या दौऱ्यावर नेलं. मग न्यूयॉर्कमधलं शिक्षण, लॉस एंजेलिसच्या थेलोनियस मंक जॅझ संस्थेत ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्डच्या हाताखाली तालीम, आणि 2007 साली थेलोनियस मंक आणि कारमाइन करूसो या दोन्ही जॅझ स्पर्धांत पहिला क्रमांक.

पदव्या आणि स्पर्धांनी जॅझ एका साच्यात बसवला, हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. परीक्षकाला मोजता येतं तेच विद्यार्थी घोटत राहतो. पण अकिनमुसिरीचं वादन जवळून ऐकावं. ट्रम्पेटच्या तीन कळांपैकी एखादी तो अर्धीच दाबतो. हवा कोंडते, सूर घोगरा होतो, बोलता बोलता गळा दाटून यावा तसा. ओठ आणि श्वास पक्क्या ताब्यात असल्याशिवाय ही मोडतोड साधत नाही. शाळेने त्याला हुकमत दिली. ती कुठे वापरायची नाही, हे त्याचं त्याने ठरवलं.

2011 साली ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या त्याच्या अल्बममध्ये ऑस्कर ग्रँटवरची एक रचना आहे. 2009च्या पहिल्याच पहाटे ओकलंडच्या फ्रूटवेल स्थानकावर पोलिसाच्या गोळीने हा बावीस वर्षांचा तरुण मेला. या रचनेत जस्टिन ब्राउनचे ड्रम्स आहेत, अकिनमुसिरीच्या आवाजातले मोजके शब्द आहेत, ट्रम्पेट नाहीच. याला कोणी संगीताऐवजी निषेधपत्रक म्हणेल. मला ते पटत नाही. ज्याला वाजवताच येत नाही त्याच्या गप्प राहण्याला वजन नसतं. इथे वाद्य कुठल्याही क्षणी गर्जेल हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि ते शेवटपर्यंत खालीच राहतं. ड्रम्सवरचा प्रत्येक घाव त्यामुळे उघडा पडतो. 2023 साली आलेल्या त्याच्या एकल ध्वनिमुद्रणात या संयमाची दुसरी बाजू ऐकू येते. तिथे साथीला कोणी नाही, फक्त ट्रम्पेट. आणि सूर सोडल्यावर तो पूर्ण विरेपर्यंत पुढचा सूर न घेण्याचा धीर.