मुक्काम पोस्ट कुंडी

2019 च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरले. पाणी 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला टेकले आणि 17 तारखेला केवडियाला पंतप्रधानांच्या हस्ते नर्मदापूजन झाले. त्याच दौऱ्यात त्यांनी धरणाजवळच्या नव्या निवडुंग उद्यानातही फेरफटका मारला. 25 एकरांची बाग, 17 देशांतून गोळा केलेल्या सुमारे 450 प्रजाती आणि त्यांच्यासाठी खास बांधलेले घुमटाचे काचघर. पाण्यावाचून जगायला शिकलेली झाडे एका प्रचंड जलाशयाच्या शेजारी नांदायला आली, हा विनोद कुणी मुद्दाम केलेला नाही. म्हणूनच तो जरा जास्त बोचतो.

धरणाच्या भिंतीपासून पाण्याच्या वरच्या अंगाला थोडे गेले की दक्षिण तीरावर मणिबेली लागते. मणिबेली ‘आहे’ म्हणावे की ‘होती’, इथूनच अडखळायला होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्याचे हे गाव म्हणजे महाराष्ट्रातले बुडिताचे पहिले गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे पावसाळे इथल्या धरणविरोधी सत्याग्रहांनी गाजले. जागतिक बँकेने 1993 मध्ये प्रकल्पातून अंग काढून घेतले आणि पुढच्याच वर्षी मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा, अशी मागणी जगभरच्या 326 संघटनांनी केली, ती ‘मणिबेली जाहीरनामा’ या नावाने. नकाशावर शोधूनही पटकन न सापडणारे गाव वॉशिंग्टनच्या कागदपत्रांत जाऊन बसले. गावाजवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर मात्र पाण्याखाली गेले. देवासाठी गुजरातेत गोऱ्याला नवे मंदिर बांधले गेले. देवाचे पुनर्वसन त्यातल्या त्यात वेळेवर झाले म्हणायचे.

मराठी माणसाला हा मुलूख आंदोलनाच्या आधीपासून माहीत होता, तो नर्मदेच्या परिक्रमेमुळे. ‘शूलपाणीची झाडी’ म्हटले की परिक्रमावासी आवाज खाली आणून बोलत. इथे मामा लोक, म्हणजे स्थानिक भिल्ल, अंगावरच्या लंगोटीखेरीज सगळे काढून घेतात, अशी ख्याती. त्या गोष्टींमध्ये झाडी यायची ती फक्त भीती घालायला. तिच्यात कोणती झाडे होती, हे सहसा कुणी सांगत नसे. साग, सलई, खैर, मोह, तेंदू, चारोळी, बांबू, झाडांच्या दुबेळक्यांत बसलेल्या आमरी (ऑर्किड) आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून डोके काढणारे कंद. तडवी, भिल्ल, पावरा घरांच्या दृष्टीने हे कोठार, औषधालय आणि बाजार. शहरातल्या बहुतेकांना ते नुसतेच हिरवे.

सरकारी कागदावर या हिरव्याचा आकडा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला बुडितात सुमारे 6,500 हेक्टर वनजमीन आली. उठवलेल्या गावांना जमीन देण्यासाठी तळोद्याजवळचे आणखी सुमारे 4,200 हेक्टर जंगल मोकळे करण्यात आले, म्हणजे एका जंगलाच्या बुडण्यापायी दुसरे तोडले गेले. पलीकडे गुजरातने आपल्या बुडालेल्या जंगलाची भरपाई म्हणून झाडे लावायला जागा निवडली ती कच्छमध्ये. हेक्टरला हेक्टर, हिशेब चोख. नर्मदाकाठच्या दरीत वाढणारे कच्छच्या खाऱ्या वाऱ्यात वाढेल का, हा प्रश्न त्या वहीत बसत नाही.

दुर्मीळ झाडांच्या हौसेबद्दल लिहायचे तर मणिबेलीपासून सुरुवात करण्याचे कारण हेच. झाड त्याच्या जागेवरून उचलता येते, नव्या जागी रुजवता येते आणि त्याला झाडच म्हणत राहता येते, हा विश्वास कच्छमध्ये झाडे लावणाऱ्या खात्याचा आहे, निवडुंग उद्यान उभारणाऱ्यांचा आहे आणि दादरच्या किंवा कोथरूडच्या गॅलरीत शेडनेट ताणून बसलेल्या हौशी माणसाचाही आहे. माप वेगळे असेल, समजूत तीच.

या हौशी माणसाची टिंगल करणे मात्र अन्यायाचे होईल. तो कोकोपीट, विटांचे तुकडे आणि कोळसा यांचे प्रमाण ठरवायला अख्खा रविवार घालवतो. आमरीला कुंडीत माती घातली की मुळ्या कुजतात, हे तो एकदा रोप मारून शिकलेला असतो. गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली सोपवतो ती दुधासाठी नव्हे, फवाऱ्यासाठी. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा या जमातीचा एखादा सभासद एकाच पानापुढे दहा मिनिटे उभा दिसतो आणि बरोबरची मंडळी भेळेच्या गाडीकडे बघत असतात. रोपे देण्याघेण्यातला त्याचा उदारपणाही खरा. आपल्याकडे मागून आणलेल्यापेक्षा गुपचूप खुडून आणलेली फांदी जास्त जोमाने धरते, अशी समजूत आहे. मनीप्लँटपुरती ती निरुपद्रवी. दुर्मीळ झाडांच्या इतिहासात तिनेच घात केला आहे.

1850 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत होता. ओकच्या झाडांवर निळ्या वांडा या आमरीचे घोसच्या घोस फुललेले पाहून त्याने लंडनच्या क्यू उद्यानासाठी सात हमालांची ओझी भरतील इतकी रोपे उतरवली. त्यातली जिवंत पोचली अगदी थोडी. जागा पाहून घेण्यासाठी एका गृहस्थाने त्याच्यासोबत आपला माळी धाडला होता. त्या गृहस्थाने एका हमालाचे ओझे विलायतेला पाठवले, ते वाईट अवस्थेत पोचूनही 300 पौंडांना गेले. हे सगळे हूकरनेच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. पुढची गोष्ट सांगायला ज्योतिषी नको. आज निळा वांडा भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राखलेल्या मोजक्या वनस्पतींमध्ये आहे. दक्षिण अमेरिकेत याहून वाईट घडले. अल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड-शिकाऱ्याने कोलंबियात सुमारे 10,000 रोपांसाठी 4,000 झाडे पाडल्याची नोंद स्वतःच केली आहे. फांदीवरचे फूल काढायला झाड आडवे करायचे. घाई फार होती, गिऱ्हाईक वाट पाहत होते.

महाराष्ट्राकडे या हौसेची दुसरी बाजू दाखवणारे एक झाड आहे, आणि त्याचे नावही झकास आहे: शिंदळ माकुडी. जगात फक्त महाराष्ट्रात, तेही शिवनेरी, वज्रगडासारख्या मोजक्या ठिकाणच्या कड्यांच्या कपारीत ते उगवते. बोटाएवढ्या जाड, रसाळ फांद्या, पावसाळ्यात त्यांच्यावर मांसल पाने, आणि पाऊस सरता सरता पिवळ्या नक्षीची लालसर चांदणी. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले ‘फ्रेरिया’, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. कड्यावर त्याचे हाल आहेत. गुरे, वणवे, दरडी आणि माणसे सगळीच त्याच्या मुळावर. कुंडीत मात्र ते इतके सोशिक की फांदीचा तुकडा दोन दिवस सुकू दिला आणि रेताड मातीत खोचला, तर मुळ्या धरतो. त्यामुळे रसाळ वनस्पतींच्या युरोपी शौकिनांच्या काचघरांत ते केव्हाच पोचले. कुंडीत सुखरूप, कड्यावर जेमतेम. असे झाड दुर्मीळ म्हणायचे की नाही?

उत्तर कंदीलपुष्पांकडे पाहिले की सापडू लागते. शास्त्रीय भाषेत सेरोपेजिया म्हणवणाऱ्या या वंशातल्या कितीतरी जाती सह्याद्रीच्या एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर सापडलेल्या एकीला 2006 मध्ये ‘अंजनेरिका’ असे त्या डोंगराचेच नाव मिळाले. फूल जवळून पाहावे. खाली फुगीर कोठी, मग अरुंद नळी, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेला पिंजरा. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते. नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले, त्यामुळे घसरत जाता येते, वर चढता येत नाही. माशी तळाशी धडपडते आणि त्या धडपडीत परागाची पुडी तिला चिकटते. कालांतराने केस मलूल पडतात, फूल कलते, माशी सुटते आणि शहाणपण न शिकता पुढच्या फुलात शिरते. हा सगळा खेळ त्या माशीवर, त्या गवतावर, त्या पठारावरच्या पावसाच्या वेळापत्रकावर चालतो. कुंडी फूल देऊ शकते. माशी आणायची कुठून?

तरी कुंडीवाचून चालतही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या कंदीलपुष्पांची रोपे जोपासली, वाढवली आणि काही जाती पुन्हा डोंगरावर नेऊन लावल्या. हे शक्य झाले, कारण कोणते रोप कुठल्या डोंगरावरचे, कुणी आणि कधी गोळा केले, याची नोंद होती. कुंडी तिथे धर्मशाळेसारखी होती, झाड मुक्कामाला आलेले, गावाचा पत्ता खिशात. हौशी संग्रहात नेमका हाच पत्ता हरवतो. रोप एका गॅलरीतून दुसरीत, फांदी तिसरीकडे, पाटीवर नाव फक्त नर्सरीवाल्याने ठेवलेले. झाड तरारलेले असते, देखणे असते, पण कधी परत पाठवायची वेळ आली तर पाठवणार कुठे? वेगवेगळ्या डोंगरांचे वंश मिसळण्याची भीती असल्याने असे बेवारस रोप रानात सोडणे कोणताही जबाबदार वनस्पतिशास्त्रज्ञ टाळेल.

बाजाराला पत्त्याशी देणेघेणे नाही, त्याला टंचाई हवी. टाळेबंदीच्या काळात घरात अडकलेल्या जगाने पांढऱ्या आणि गुलाबी छटांच्या पानांना सोन्याचा भाव आणला. मग प्रयोगशाळांनी त्यांचे टिश्यू कल्चर सुरू केले आणि कालची राणी आज कोपऱ्यावरच्या नर्सरीत रांगेत उभी राहिली. जळगावच्या केळीवाल्याला यात नवल वाटणार नाही. त्याच्या बागेतली रोपे कधीचीच काचेच्या बाटलीतून येतात. पैसे अडकवलेल्यांनी कपाळावर हात मारला, पण रानाच्या दृष्टीने ही बातमी चांगली. बाटलीत वाढलेल्या रोपासाठी कुणाला झाड पाडावे लागत नाही.

सातपुड्यात पावसाळ्यात कळलावी फुलते. तिच्या पानाचे टोक लांबून वळते आणि जे सापडेल त्याला, कुंपणाच्या काटकीला, शेजारच्या झुडपाला, घट्ट धरते. आधी पिवळसर आणि मग लालभडक होणाऱ्या पाकळ्या आगीच्या जिभांसारख्या उलट्या वळतात. घरात लावली की कळ लागते, भांडणे होतात, म्हणून खेड्यात तिला दाराशी आणत नाहीत. कंद जहाल विषारी असल्याने हा धाक उपयोगीच म्हणायचा. हीच वेल परदेशात फुलवाल्यांच्या दुकानात मानाने विकली जाते आणि झिंबाब्वेचे ती राष्ट्रीय फूल आहे. मणिबेलीच्या उरल्यासुरल्या घरांच्या वरच्या उतारांना तिचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. शहरातल्या हौशी माणसाला ती दिसली तर पहिला प्रश्न असतो, ‘याचा कंद मिळेल का?’

कंद मागायला हरकत नाही. पण पुढच्या वेळी नर्सरीत ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी लावलेले रोप हातात घ्याल, तेव्हा भाव विचारायच्या आधी एवढे विचारा: हे कलमाचे, बाटलीतले की रानातून उपटलेले? आणि रान असेल तर कुठले? उत्तर मिळाले तर ते पाटीवर लिहून कुंडीत खोचा, तारखेसह. टाळाटाळ झाली तर रोप तिथेच ठेवा.