दानाआधीचे देणे

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्याला होडी लागली, टोपल्या उतरल्या, लिलाव आटोपला आणि बांगड्याचे, कोळंबीचे, म्हाकुलाचे पैसे हाती आले, म्हणजे तांडेल, मालक आणि खलाशी यांच्यात त्या रकमेचा जो हिशेब बसतो, त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी डिझेलचा, बर्फाचा आणि दर्यावर नेलेल्या शिध्याचा खर्च वजा व्हावयाचा, मग होडीचा वाटा काढावयाचा, आणि उरलेल्या रकमेतून ज्यांनी ज्यांनी जाळे ओढले त्यांचे वाटे पडावयाचे. यानंतर एखाद्या खलाशाने आपल्या वाट्यातून कोणा गरजवंताच्या हातावर चार पैसे ठेवले, तर त्याच्या औदार्याची वाखाणणी होते; परंतु वाटे पडण्यापूर्वीच कोणी सामाईक ढिगातून मूठ भरून दान करू लागला, तर तो कितीही सज्जन असला तरी त्याचा हात धरला जाईल, आणि तो धरणाऱ्याला कोणी अधर्मी म्हणणार नाही.

रत्नदुर्गाच्या पायथ्याशी वसलेल्या या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या मुसलमान कुटुंबांचा भरणा मोठा आहे, आणि त्यांच्या धर्मशास्त्राने दानाच्या बाबतीत घालून दिलेली शिस्त धक्क्यावरच्या या व्यवहाराशी जुळणारी आहे. जकात ही इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक खरी, तथापि ती हाती पडलेल्या प्रत्येक पैशावर लागू होत नाही. निर्वाहाचा खर्च भागून जी शिल्लक निसाब नावाच्या मर्यादेच्या वर एक चांद्रवर्षभर टिकून राहिली, तिचाच चाळिसावा हिस्सा ईश्वराच्या नावाने काढावयाचा असतो, आणि बायकामुलांचे पालनपोषण हे तर स्वतंत्र, आणि त्याच्याही आधीचे, कर्तव्य मानलेले आहे. इथल्या मशिदींत नमाज पढविणारे इमामही संन्यासी नसून गृहस्थ असतात. ईश्वराच्या चाकरीत असलेल्या माणसाला घर असावे, आणि त्या घराचे देणे त्याने बुडवू नये, ही कल्पना मिरकरवाड्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

घरचे देणे आधी की देवाचे, हा प्रश्न मला ज्यांच्यामुळे पडला, ते माझ्या परिचयाचे एक ख्रिस्ती पाळक आहेत. मच्छीमार होड्यांवर दूरदूरच्या मुलखांतून आलेले जे खलाशी असतात, त्यांतले काही ख्रिस्ती निघाल्यामुळे हे गृहस्थ मोसमात अधूनमधून संध्याकाळी मिरकरवाड्यात जातात, धक्क्याजवळच्या खोलीत चार-सहा माणसांची प्रार्थनासभा घेतात, कोणाचे घरी पैसे पाठविण्याचे अडले असेल तर ते मार्गी लावतात, कोणाचा हात दोरखंडाने सोलवटला असेल तर त्याला दवाखान्यात नेतात. आणि 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते तेव्हा हे खलाशी आपापल्या गावी परततात, म्हणून तेवढे दोन महिने ही फेरी थांबते. रविवारची उपासना, तिच्यासाठी आठवडाभर करावयाची प्रवचनाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, लग्ने, बाप्तिस्मे, अंत्यविधी, मंडळीच्या पंचांच्या बैठका आणि त्यांतले रुसवेफुगवे, हे सारे याखेरीज. त्यांची पत्नी परिचारिका आहे आणि तिच्या पाळ्या बदलत्या असतात. पुष्कळ पाळकांच्या घरी हेच दिसते, कारण मंडळी जे मानधन देते त्यात मुलांची शिक्षणे निभत नाहीत, आणि पत्नीच्या पगारावर घर चालते म्हणूनच पाळकाची सेवा चालू शकते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण वार्षिक अहवालात तिचा उल्लेख कोठे येत नाही.

ते मला एकदा म्हणाले, “लोक विचारतात, घर, काम आणि श्रद्धा यांचा मेळ तुम्ही कसा घालता? मी त्यांना काय सांगू? मेळ मी घालतच नाही. तो घरात घातला जातो, आणि मी बाहेर असतो.”

ही व्यथा त्यांच्या एकट्याची नव्हे. 1525 साली मार्टिन ल्यूथरने पूर्वाश्रमीची जोगीण काथारिना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला, तेव्हापासून प्रॉटेस्टंट पाळकाचे गृहस्थ असणे हे केवळ क्षम्य न राहता जवळजवळ आदर्श ठरले. विटेनबर्गच्या जुन्या मठात ल्यूथर ग्रंथ लिहीत, वाद घालीत आणि येईल त्याला आसरा देत असता बागबगीचा, गुरेढोरे, मद्याची भट्टी आणि पैसे देऊन राहणारे विद्यार्थी यांचा सारा कारभार काथारिनाने वाहिला, हे इतिहासाने नमूद करून ठेवले आहे. पण ज्या शास्त्रावर हा आश्रम उभा राहिला त्या शास्त्रातच दोन सूर आहेत. पौलाच्या नावाने असलेल्या तीमथ्याच्या पत्रात सांगितले आहे की, ज्याला स्वतःचे घर नीट चालवता येत नाही त्याने देवाच्या मंडळीची काळजी वाहण्याची उमेद बाळगू नये; आणि त्याच पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात असे आहे की, विवाहिताचे चित्त दुभंगलेले असते, तो पत्नीलाही संतुष्ट करू पाहतो आणि प्रभूलाही. मंडळी पाळकाची नेमणूक करताना पहिल्या पत्रावर बोट ठेवते, आणि मध्यरात्री त्याचे दार ठोठावताना दुसऱ्या पत्रातल्या अविवाहिताची अपेक्षा करते.

मराठी माणसाच्या मनात याहून एक जुनी प्रतिमा आहे, ती सत्पुरुषाच्या वैराग्याची. बोहल्यावरून निघून गेलेले समर्थ आणि पैठणास भरल्या घरात परमार्थ करणारे एकनाथ, ही दोन टोके आपण सारख्याच आदराने सांगतो. परंतु हृदयात घर केले आहे ते तुकोबांनी. त्यांच्या चरित्रातला कर्जखतांचा प्रसंग सर्वश्रुत आहे, मात्र त्यातला एक तपशील सांगताना पुष्कळदा गळतो. परंपरा असे सांगते की, खते इंद्रायणीत बुडविण्यापूर्वी तुकोबांनी त्यांची वाटणी केली, धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा हिस्सा त्याच्या स्वाधीन केला, आणि मग स्वतःच्या वाट्याचे कागद तेवढे नदीला दिले. भावाच्या हक्काला हात न लावण्याची ही दक्षता मला त्या त्यागाहूनही थोर वाटते. मात्र जिजाईचा वाटा त्या दिवशी वेगळा काढला गेला नाही; त्या काळच्या कोणत्याही दस्तऐवजात तसा वाटा नव्हताच.

तोच हिशेब दोन-अडीचशे वर्षांनी एका मराठी पाळकाच्या घरात पुन्हा मांडला गेला, आणि तो मांडणारी व्यक्ती लिहिती झाली म्हणून आपल्याला तो वाचावयास मिळाला. नारायण वामन टिळक हे याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांचा जन्म 1861 चा. मुंबईस 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने धर्मशिक्षणाचे काम केले, 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि पुढे मृत्यूपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी भजन आणि कीर्तन रुजवले, आणि आज मराठी मंडळ्यांत जी गीते गाइली जातात त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. त्यांच्या घरी आलेला माणूस विन्मुख जात नसे. अनाथ मुले तेथे वाढली, विद्यार्थी राहिले, आणि बालकवी ठोमरे यांच्यासारख्या कवीलाही त्या घरातच माया मिळाली.

या दातृत्वाची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. हा ग्रंथ 1934 पासून पुढे चार भागांत प्रसिद्ध झाला, आणि मराठीत पाळकाच्या घराचे इतके सत्य चित्र दुसरे नाही असे मी निःशंकपणे म्हणतो. हाती आलेला पैसा टिळकांच्या हाती टिकत नसे. घरात उद्याचे काय, ही चिंता त्यांच्या चित्ताला शिवत नसे. संताप आला की ते घर सोडून चालू लागत आणि कधी परततील याचा नेम नसे. बाप्तिस्म्याचा निर्णयही लक्ष्मीबाईंच्या संमतीने झाला नव्हता. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी लहानगा मुलगा देवदत्त (दत्तू) याच्यासह पंढरपुरास नातलगांच्या आश्रयाने, लोकांच्या नजरा आणि स्वतःचे अश्रू सोशीत काढली. नंतर त्या नगरला पतीजवळ आल्या तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही, आणि टिळकांनीही त्यांना ते सोडण्याची सक्ती केली नाही, हे टिळकांच्या बाजूने आवर्जून सांगितले पाहिजे. जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, हा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या बुद्धीने केला, आणि मगच 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेच्या प्रांतात टिळकांनी पत्नीचा वाटा पूर्णपणे तिचा मानला. संसाराच्या जमाखर्चात मात्र तो मानावयाचा त्यांना सुचले नाही. एवढ्या कोमल अंतःकरणाच्या पुरुषाला ते का सुचू नये, हा प्रश्न मला छळतो, आणि त्याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा आपण सत्पुरुषाकडून जी अपेक्षा करीत आलो तिच्यात शोधावे असे मला वाटते. दाता म्हणून ज्याची कीर्ती होते, त्याच्या दानात आणखी कोणाचा घास होता याची चौकशी करणे आपल्याला अशिष्ट वाटते.

ख्रिस्ताला ती चौकशी अशिष्ट वाटली नव्हती. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात कुर्बानाचा प्रसंग आहे. त्या काळी एखाद्याने आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेली, असे जाहीर केले की आईबापांचा त्यावरचा हक्क संपला असे मानण्याची रूढी पडली होती. मंदिराला वाहिलेल्या वस्तूवर वृद्ध पित्याने तरी हात कसा टाकावा? येशूने या रूढीची जी निर्भर्त्सना केली तिच्यात कमालीची तीव्रता आहे, आणि ती निर्भर्त्सना अधार्मिकांची नसून अतिधार्मिकांची आहे. जे आपल्याच माणसांचे देणे आहे ते देवाला देऊन टाकल्याने देवाला काहीच मिळत नाही, उलट त्याचीच आज्ञा मोडली जाते, असा त्याचा इत्यर्थ आहे. मी त्या वचनांचा अर्थ पैशापुरता घेत नाही. पाळकाची संध्याकाळ, त्याचे स्वास्थ्य, जेवताना समोर बसलेल्या मुलीचे बोलणे ऐकून घेण्याइतके त्याचे शांत चित्त, ही सारी अंशतः त्याच्या घरच्यांची मिळकत आहे. तिच्यावर कुर्बानाची मोहोर उठवून ती मंडळीच्या खाती जमा करण्याचा मुखत्यारपणा त्याला कोणी दिला?

यावर गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच ख्रिस्ताने आपल्या अनुयायांना घरदार, आईबाप, बायकामुले यांच्या वरती त्याला स्थान देण्यास सांगितले आहे, आणि लूकने दिलेले ते शब्द तर ऐकवत नाहीत इतके कठोर आहेत. मग कुर्बान निषिद्ध आणि सर्वस्वत्याग विहित, हे कसे जमावे? मला दिसते ते असे: ज्याने स्वतःला देऊन टाकले त्याने स्वतःचाच वाटा दिला, त्यासाठी त्याला कोणाच्या परवानगीची जरुरी नाही, आणि त्याचे घर त्याला अडवू लागले तर त्याने थांबू नये. पण पत्नीची झोप आणि मुलाचे वर्ष हे त्याचे नव्हेत. ते ज्याचे त्याने द्यावयाचे असतात. देणाऱ्याला न विचारता घेतलेला त्याग हा त्याग राहत नाही, मग तो घेणारा कितीही निःस्पृह असो.

माझ्या पाळकस्नेह्यांशी हे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, आणि नंतर म्हणाले की, विचारण्याचाच तर प्रश्न आहे. रात्री अकरा वाजता दवाखान्यातून बोलावणे येते तेव्हा विचारावयाला वेळ कोठे असतो? हे खरे आहे. मरणाऱ्याच्या उशाशी जाण्यापूर्वी घरात बैठक भरवता येत नाही. परंतु पाळकाच्या आयुष्यातली बहुतेक बोलावणी मरणाऱ्यांकडून येत नाहीत. ती येतात पंचांच्या तंट्यांतून, वाढदिवसाच्या प्रार्थनांतून, पाळकसाहेब आले नाहीत तर आपला मान राहणार नाही या भावनेतून. यांतल्या कशाला नकार द्यावयाचा, हे पाळकाने एकट्याने ठरवू नये आणि मंडळीनेही एकतर्फी ठरवू नये. ज्या बाईच्या पगारावर हा संसार उभा आहे तिचे मत त्या तजविजीत आधी विचारले जावे. मंडळीच्या पंचांनी हा विषय आपल्या वार्षिक सभेत उघडपणे घ्यावा, असे मी त्यांना सुचविले. त्यांनी मान हलवली. पण त्या मान हलवण्यात होकार किती आणि थकवा किती हे मला कळले नाही.

टिळकांनी 1917 मध्ये मिशनच्या पगाराचा त्याग केला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त त्यात यावे ही त्यांची उत्कट इच्छा होती, आणि अखेरची वर्षे त्यांनी साताऱ्यास तिच्यासाठी वेचली. ही त्यांच्या जीवनातली सर्वांत मोठी झेप होती. परदेशी पैशावाचून, आपल्या मातीत रुजलेली ख्रिस्तभक्ती त्यांना हवी होती, आणि तिची किंमत त्यांनी स्वतः मोजली. तीच किंमत घरालाही मोजावी लागली. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. मागे राहिलेल्या गोष्टींत एक अपुरे महाकाव्य होते, ‘ख्रिस्तायन’. त्याचे थोडेच अध्याय टिळकांच्या हातून पुरे झाले होते.

ज्या बाईला लहानपणी शाळा ठाऊक नव्हती, जिला अक्षरओळख विवाहानंतर पतीकडून झाली, तिने ते काम हाती घेतले. ते तिच्यावर कोणी टाकले नव्हते. उदरनिर्वाहासाठी नोकरी करीत, नातवंडांचे पाहत, तिने त्या काव्याचे साठाहून अधिक अध्याय रचले. टिळकांनी लिहिलेल्यांच्या कित्येक पटींनी अधिक. 1936 मध्ये लक्ष्मीबाई वारल्या तेव्हाही ते संपले नव्हते, आणि शेवटचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहून पुरा केला.