निरोष्ठ कॉन्ट्रा

मोरोपंत शिकवताना इंदापूरच्या बी.ए.च्या वर्गात मी मुलांना सांगते, ओठाला ओठ न लावता ‘राम’ म्हणून दाखवा. जमत नाही. ‘म’ ओठ मिटल्याशिवाय निघतच नाही. पंतांचं एक रामायण निरोष्ठ आहे. प, फ, ब, भ, म त्यात वर्ज्य. म्हणजे भरत गेला, लक्ष्मण गेला, मारुती गेला आणि ज्याची गोष्ट सांगायची तो रामही नावानिशी गेला. तरी बाबूजी नाइकांच्या आश्रयानं बारामतीत राहणाऱ्या या माणसानं ती गोष्ट सांगितलीच. परंपरा त्यांच्या नावावर १०८ रामायणं मांडते, आणि त्यांतल्या कित्येकांत असा काही ना काही अडसर त्यांनी स्वतःच घालून घेतलाय. नायकाचं नावही जिथं चालत नाही, ते रामायण कशाच्या बळावर?

याचं उत्तर मला वेदान्ताच्या पुस्तकात सापडलं नाही. कॉन्ट्रा नावाच्या व्हिडिओ गेममध्ये सापडलं. हसायचं असेल तर हसून घ्या.

नव्वदच्या दशकात दादा बारामतीच्या स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरात पैसे उडवायचा. मुलींनी तिथं जायचं नाही, हे सांगावंही लागत नसे. माझ्या वाट्याला आला घरचा टीव्ही गेम, म्हणजे जपानी फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. दादा म्हणायचा, “हे डुप्लिकेट आहे गं, खरा गेम मशीनवर.” (त्याचा लाडका ‘मुस्तफा’, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, घरच्या यंत्रांसाठी कधी निघालाच नाही. त्यामुळे तो वाद तरी टळला.)

कोनामीचा मूळ कॉन्ट्रा १९८७ चा. मी तो पाहिला खूप उशिरा, भाच्याच्या लॅपटॉपवर. पडदा उभा, रंग भरघोस, माणसं ठसठशीत. पण शेवटचे टप्पे एकाला एक जोडून उरकलेले. १९८८ साली तो फॅमिकॉमवर आला तेव्हा रंग उतरले, पडदा आडवा झाला, पण तेच टप्पे सुटे होऊन लांबले. बर्फाचा वेगळा, कारखान्याचा वेगळा, प्रत्येकाच्या शेवटी स्वतंत्र राक्षस. आणि एक गोष्ट मशीनवर नव्हतीच: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव! ही कळ काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा पार्लरचा गेम फॅमिकॉमवर आणताना तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून चाचणीपुरती त्यांनी ती घातली होती. म्हणजे मंत्र जन्मला तोच मुळी नकलेत. मशीनवर जीव नाण्यानं विकत मिळतो, घरी मंत्रानं. पुनर्जन्माची ही दुसरी सोय मला अधिक धर्माला धरून वाटते, पण ते जाऊ द्या.

वेदान्त म्हणतो, नाम आणि रूप बाजूला सारा, उरेल ते सत्य. मला यात एक खोच दिसते. सारायचं कुणी, आणि का? ज्याच्याकडे सगळं आहे, त्याला काही सारावं लागत नाही. मूळ मशीनला रंग होते, वेग होता, म्हणून कॉन्ट्रा नेमका कशात आहे हा प्रश्न तिथं कुणाला पडायचं कारण नव्हतं. तो पडला लहान यंत्रात तो कोंबायला बसलेल्यांना. काय टाकायचं ते ठरवताना काय टाकता येत नाही ते उघडं पडतं. त्यांनी रंग टाकले. दोघं शेजारी शेजारी पळतात आणि एका गोळीत मरतात, एवढं मात्र ठेवलं. ‘डबल ड्रॅगन’च्या वेळी उलट झालं. १९८७ च्या मशीनवर दोघं खांद्याला खांदा लावून मारामारी करायचे. पुढच्या वर्षी तो त्याच फॅमिकॉमवर आला तेव्हा दोघांनी आळीपाळीनं खेळायचं. रूप बऱ्यापैकी राखलं, जीव गेला.

म्हणून सार मुळातच सुरक्षित असतं आणि नकलांमध्ये झिरपत जातं, हे मला पटत नाही. अडचण आल्याशिवाय ते कळतच नाही. पंतांनी अडचण मुद्दाम विकत घेतली, मी तर म्हणेन, रामाचं नाव सोडून रामाला किती धरून ठेवता येतं ते पाहायला.

१९९० मध्ये युरोपात हाच गेम ‘प्रोबोटेक्टर’ नावानं गेला. नाव बदललं, माणसं काढून यंत्रमानव घातले. भाचा म्हणतो, हा कॉन्ट्रा नाही. मी म्हणते, हाच निरोष्ठ कॉन्ट्रा. दोघं आहेत, एका गोळीत मरतात, अजून काय हवं?

दादा मात्र आजही ‘डुप्लिकेट’वर ठाम आहे. हाच दादा तिरुपतीला जाणं होत नाही म्हणून केतकावळ्याच्या प्रतिबालाजीला जातो आणि डोळे भरून घरी येतो. मी विचारलं, “तिथं कसं चालतं रे डुप्लिकेट?” म्हणाला, “देवाचं वेगळं असतं.” वेगळं काय, ते सांगायला तो अजून बसलेला नाही. मी विचारणं सोडलेलं नाही.