परत फिरण्याचे स्वातंत्र्य

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने स्कॉटलंडमधील कॅलिडोनियन कालव्यातून लहानशा नौकेने प्रवास केला, आणि परत आल्यावर जुळे सोलापुरातील आमच्या घरी बसून त्याचे साद्यंत वर्णन केले. दोहों बाजूंस डोंगर, मध्ये संथ पाणी; दरवाजा लागला की थांबावयाचे, पाणी समपातळीस आले की पुढे जावयाचे; घाई कोणासच नाही. वर्णन रंगात आले असता आमच्या नळास पाणी आले. ते रोज येत नसल्यामुळे स्कॉटलंड बाजूस ठेवून आम्हांस भांडी भरण्यास उठावे लागले.

हा कालवा मुळात विहारासाठी खोदलेला नव्हे. १८०३ साली टॉमस टेल्फर्ड ह्या स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली त्याचे काम सुरू झाले आणि १८२२ साली तो वाहतुकीस खुला झाला. उत्तरेकडील खवळलेल्या समुद्रास वळसा घालताना गलबते फुटत. ती संकटे टळावी आणि देशोधडीस लागलेल्या डोंगरी लोकांस काम मिळावे, हा त्यामागील हेतू. सुमारे ६० मैलांच्या ह्या मार्गाचा बराचसा भाग नैसर्गिक सरोवरांतून जातो. पुढे जहाजे मोठी झाली, व्यापार अन्य वाटांनी गेला, आणि ज्यांस जाणे भागच होते त्यांच्यासाठी केलेली वाट हौसेने जाणारांची झाली.

आमच्या उजनीची कथा नेमकी उलट आहे. १९८० साली भीमेवरील धरण पुरे झाले आणि गावे, शेते, वाटा पाण्याखाली गेल्या. पळसदेवचे प्राचीन देऊळ पाणी ओसरले म्हणजे पुन्हा दिसू लागते. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतील तीरे समोरासमोर राहिली, परंतु मध्ये जलाशय पसरला. तेथे होडी ही हौस नव्हे, रस्ता आहे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडाली. त्यांत दोन लहान लेकरे होती.

ती वार्ता आली त्या दिवशी आमच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, ‘अशा हवेत निघावे कशाला?’ आणि आम्ही मान डोलावली. ती मान डोलावणे पुढे आमच्या मनास फार लागून राहिले. कारण त्याच जलाशयात, भिगवणजवळ, रोहित पक्षी पाहण्यासाठी आम्हीही होडीत बसलो होतो. वारा सुटू लागला तसे नावाड्याने विचारले, ‘गुरुजी, माघारी वळायचं का?’ आम्ही तत्काळ हो म्हटले, आणि आपल्या विवेकाचे मनोमन कौतुकही केले. परंतु तो विवेक आमचा होता काय? आमच्यासाठी पैलतीरी कोणी आजारी नव्हते, कोणाचे लग्नकार्य अडले नव्हते. पक्षी उद्याही दिसले असते. परत फिरण्यास ज्यास काहीच मोल पडत नाही, त्याने परत न फिरणारास अविवेकी म्हणावे, हा न्याय नव्हे.

मग विहार वर्ज्य मानावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. सौंदर्याचा आस्वाद हे पाप नव्हे, आणि आम्ही न गेल्याने कोणाचीही वाट सुकर होत नाही. परंतु विहारी मनुष्याचा खरा आनंद पाण्यात वा डोंगरात नसून, वाटेल तेव्हा माघारी फिरता येण्यात आहे, हे त्याने ओळखावे. ते ओळखले म्हणजे ज्यांस माघार नाही त्यांच्या होडीत हौशी होडीइतकीच जीवरक्षक जाकिटे असावी, त्यांच्या तीरांवर आधी पूल व्हावा, हे मागणे दया राहत नाही. ते ऋण ठरते. आमच्या नळास येणारे पाणी त्याच उजनीचे आहे. म्हणून हे ऋण आम्हां सोलापूरकरांकडे तर अधिकच लागू आहे.

विद्यार्थ्याने पुढील खेपेस बरोबर येण्याचे निमंत्रण दिले आहे. योग आला तर जाऊही. मात्र तत्पूर्वी एकदा कुगावच्या तीरावर जाऊन, जे रोज पैलतीरी जातात त्यांच्याशेजारी बसून यावे, असे आम्ही ठरविले आहे.