शिकाऊ हात आणि मुका जीव

पावणे येथील कारखान्यात कोणा मजुराचे पोट फाटले, तर शस्त्रवैद्याचा हात सराईत असावा, असे प्रत्येकास वाटते. पण तो सराईत झाला कोठे? दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकताना कित्येक जण गुंगी दिलेल्या डुकरावर हात बसवितात. कारण फुटलेली रक्तवाहिनी आवरणे रबरी पुतळा पुरतेपणी शिकवीत नाही.

पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी तितकेच साधत असेल तेथे वैद्यकीय विद्यालयांनी प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे १७ वे कलम सांगते. हे न्याय्यच आहे. टाका घालण्यास शिकावयाला जिवंत जनावर कशाला? खाटकाकडील आतडे पुरे! परंतु जनावर वाचविले आणि पहिली चूक धर्मार्थ दवाखान्यातील गरिबाच्या पोटात झाली, तर ती दया कोणावर? त्या बिचाऱ्यास तर ‘नको’ म्हणण्याचेही धैर्य होत नाही.