उत्तर प्रांताचा वारसा

“फादर, आपल्या पूर्वजांना जबरदस्तीने बाटवलं होतं का?” वसईच्या किल्ल्यात, छप्पर हरपलेल्या एका चर्चच्या सावलीत, धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने आम्हांला विचारले. शाळेत कोणीतरी त्याला हिणवले होते. ‘नाही’ म्हणून त्याची समजूत काढणे सोपे होते. पण ते उत्तर पुरते खरे नव्हते. ‘होय’ हेही पुरते खरे नव्हते.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हुमायूनच्या धास्तीने वसई व तिच्या अखत्यारीतील बेटे पोर्तुगीजांना दिली. १५५९ मध्ये दमण त्यांच्या हाती आले. या किनारपट्टीला पोर्तुगीज ‘उत्तर प्रांत’ म्हणत. हा साम्राज्याचा सीमाप्रदेश होता. म्हणून येथील गावे पोर्तुगीज सरदारांना बहुधा तीन पिढ्यांच्या कराराने देण्यात आली. युद्धप्रसंगी घोडा व हत्यारे घेऊन हजर होण्याचे बंधन त्यासोबत आले. सरहद्दीवर राज्यकर्त्याला भरवशाची माणसे हवी असतात, आणि त्या काळी समान धर्म ही भरवशाची खूण मानली जाई. क्रूस आणि तलवार यांची सोयरीक जुळली ती अशी.

१५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने, धाकदपटशाने कोणाला श्रद्धेत आणणे योग्य नव्हे, असे ठरविले. मात्र त्याच परिषदेने हिंदूंची देवळे व जाहीर विधी नाहीसे करावेत, अशी राजसत्तेला गळ घातली. माणसाला हात लावायचा नाही, पण त्याच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची, याला मोकळीक म्हणता येत नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचे फ्रान्सिस्कनांनी प्रार्थनामंदिर केले. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा हात या प्रांतापर्यंत पोहोचत होता. हे आपण लपवू नये.

मग आपण अपराधी आहोत काय? प्रायश्चित्त संस्कारात माणूस स्वतःचे पाप कबूल करतो. दुसऱ्याच्या पापाची कबुली देण्याचा अधिकार त्याला नाही. बापाच्या दोषासाठी मुलाला दंड होणार नाही, हे यहेज्केल संदेष्ट्यानेही बजावले आहे. परंतु सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही आणखी एक तत्त्व शिकलो. परक्याची वस्तू नकळत ज्याच्याकडे आली तो चोर ठरत नाही; पण खरी हकिकत कळल्यावर त्याला स्वस्थ बसता येत नाही. दोष वारशाने येत नाही, उत्तरदायित्व मात्र येते. येथे परत करायची वस्तू आहे सत्य. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याची सेवा म्हणून ख्रिस्तसभेच्या लेकरांनी ज्या असहिष्णू मार्गांचा अवलंब केला, त्याबद्दल देवाकडे क्षमा मागितली. त्यामुळे ख्रिस्तसभा लहान झाली नाही.

या हकिकतीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेपुढे वसई शरण आली. सरदार जहाजांत बसून गेले. मठ ओस पडले. चर्चच्या घंटा दूर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. धर्मपालनाची मुभा तहाने दिली होती. पण ख्रिस्ती राहण्यात आता कसलाही ऐहिक लाभ उरला नव्हता. तरीही वाडवळीतले, कोळीवाड्यातले, शेतावरचे असंख्य लोक ख्रिस्ती राहिले. ज्यांच्या आजोबांना कदाचित निवडीची संधीच मिळाली नसेल, त्यांच्या नातवंडांनी ती आपल्या मनाने निवड केली. श्रद्धा कोणत्या वाटेने घरात आली हा इतिहासाचा प्रश्न आहे. ती घरात का राहिली, हा अंतःकरणाचा.

आम्ही त्या मुलाला सांगितले, “काहींच्या बाबतीत तसे घडले, काहींच्या बाबतीत नाही. जिथे घडले तिथे ते चुकीचे होते. पण तुझी श्रद्धा तुझी आहे, कारण तू उद्या मिस्साला येशील तेव्हा तुझ्या पाठीशी कोणी शिपाई नसेल.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हे मी शाळेत सांगू?” आम्ही म्हटले, “सांग. पहिल्या वाक्यापासून सांग.”