नाताळच्या निवडुंगाला काय द्यावे?

नाताळ जवळ आला की रोपवाटिकांत एक कुंडी दिसू लागते. चपट्या हिरव्या कांड्या एकीला एक जोडलेल्या, आणि टोकांना लोंबणारी गुलाबी, लाल किंवा पांढरी फुले. हा नाताळचा निवडुंग. विकत आणला त्या वर्षी तो बहरलेला असतो. पुढच्या वर्षी मात्र पुष्कळ घरांत तो नुसता हिरवा राहतो. पाणी दिले, खत दिले, बैठकीच्या खोलीत मानाची जागा दिली. आता आणखी काय द्यायचे?

त्याला रात्र द्यायची. हा निवडुंग वाळवंटातला नाही. त्याचे मूळ घर म्हणजे आग्नेय ब्राझीलचे किनाऱ्यालगतचे डोंगर. तेथील दमट जंगलात तो झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारीत वाढतो. रात्री लांबू लागल्या की तो कळ्या धरतो. दक्षिण गोलार्धात हे मे महिन्याच्या सुमारास घडते, म्हणून ब्राझीलमध्ये त्याला ‘मे महिन्याचे फूल’ म्हणतात. आपल्याकडे तेच नाताळच्या आसपास घडते. त्याला सण कळत नाही, रात्रीची लांबी कळते. बैठकीच्या खोलीत रात्री अकरापर्यंत दिवा जळत असेल, तर त्याच्या लेखी रात्र झालेलीच नसते.

म्हणून जाणकार सांगतात, ऑक्टोबरच्या आरंभापासून सुमारे सहा आठवडे त्याला रोज 13 ते 14 तास अखंड अंधार द्यावा. संध्याकाळी पाच ते सकाळी सात कुंडी दिवा न लागणाऱ्या, थंड खोलीत ठेवावी. दिवसा मात्र भरपूर उजेड हवा. कडक ऊन नको. या काळात खत बंद ठेवावे आणि वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. कळ्या दिसल्या की कुंडीची जागा सारखी बदलू नये आणि माती कोरडी पडू देऊ नये, नाहीतर कळ्या गळतात.

वाचकहो, येथे एक प्रश्न उभा राहतो. प्रेम म्हणजे देणे, असे आपण धरून चालतो. मग काढून घेणे हेही प्रेम असू शकते काय?

या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणणे धोक्याचे आहे. आजाऱ्याला, नोकरी गेलेल्याला, घरातले माणूस गमावलेल्याला आपण सहज सांगून जातो, “अंधारातूनच माणूस फुलतो.” निवडुंगाचा दाखला येथे चालणार नाही. त्याला दिलेला अंधार म्हणजे शिक्षा नव्हे. ती त्याच्या स्वभावाची गरज आहे. त्या अंधाराचे तास मोजलेले असतात आणि रोज सकाळी कुंडी उजेडात आणणारे कोणीतरी असते. तीच कुंडी कपाटात कोंडून विसरून गेलो, तर फुले येणार नाहीत, झाड मरेल. शिवाय सर्व झाडांचा नियम एक नाही. पालक दिवस मोठा झाला की फुलोऱ्यावर येतो.

म्हणजे देणे चांगले की काढून घेणे चांगले, हा खरा प्रश्नच नव्हे. समोरच्याला काय हवे आहे, हे आपण पाहिले आहे काय, हा खरा प्रश्न आहे. म्हाताऱ्या वडिलांना विश्रांती मिळावी म्हणून आपण त्यांच्या हातातले प्रत्येक काम काढून घेतो. त्यांना कदाचित बाजारहाट करण्यातच जगल्यासारखे वाटत असेल. मुलाला एकामागून एक शिकवण्या लावतो. त्याला कदाचित रोज एक रिकामा तास हवा असेल. दोन्ही ठिकाणी हेतू चांगलाच असतो. पण चांगला हेतू म्हणजे माहिती नव्हे, आणि माहिती करून घेण्याचा कंटाळा हादेखील प्रेमातला उणेपणाच आहे.

झाड बोलत नाही, म्हणून त्याची गरज ओळखण्यासाठी माणसाला निरीक्षण आणि प्रयोग करावे लागले. आपल्या घरातली माणसे बोलतात. त्यांच्यासाठी काही ठरवण्याआधी त्यांना विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांच्याजवळ बसावे.